स्विमिंग पूलवालं घर घेताय? दाराचा आणि पाण्यातला अलार्म निवडण्याआधी हे वाचा

फ्लोरिडात किंवा कॅलिफोर्नियात घर शोधायला लागलात की मागच्या अंगणात पूल असलेलं घर कधी ना कधी समोर येतंच. मुलं हट्ट धरतात, आपल्यालाही मोह होतो. मग होम इन्स्पेक्टरच्या अहवालात एक ओळ दिसते: पूलकडे उघडणाऱ्या दारांना अलार्म नाहीत. किंवा नवा पूल बांधून झालेला असतो, पाणी भरलेलं असतं आणि शहराचा इन्स्पेक्टर नेमक्या याच मुद्द्यावर शेवटची सही अडवून धरतो. घाईघाईने दहा-पंधरा डॉलरचा कुठलातरी अलार्म मागवला जातो, दाराला चिकटवला जातो आणि तो नियमात बसत नाही हे दुसऱ्या तपासणीच्या दिवशी कळतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. दाराचा अलार्म वाजतो तेव्हा मूल अजून कोरड्या जमिनीवर असतं. पाण्यातला अलार्म वाजतो तेव्हा ते पाण्यात पडलेलं असतं. त्यामुळे पैसे आणि उत्साह एकाच गोष्टीपुरता असेल तर आधी दार. आणि घर बाहेर ठेवून पूलला चारही बाजूंनी वेगळं कुंपण घालता येत असेल, तर दोन्ही अलार्मांच्या आधी कुंपण. अमेरिकेत १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण बुडणं हेच आहे, आणि या वयाची मुलं बुडताना हाका मारत नाहीत की हातपाय आपटत नाहीत. घरात कुणाला काही ऐकू येत नाही. सगळा खटाटोप त्यासाठी.

पहिली पायरी: आपल्याला कुठला नियम लागतो ते बघा

सगळ्या देशाला एकच नियम नाही. राज्य वेगळं, काउंटी वेगळी, कधी शहरही वेगळं.

फ्लोरिडाचा कायदा १ ऑक्टोबर २००० नंतर बांधलेल्या पूलना लागू आहे. पाणी २४ इंचांपेक्षा खोल असेल तर तो पूल धरला जातो. शेवटच्या तपासणीत पास व्हायला दिलेल्या पर्यायांपैकी किमान एक हवा: नियमाप्रमाणे कुंपण, प्रमाणित सेफ्टी कव्हर, पूलकडे जाणाऱ्या सगळ्या दारा-खिडक्यांना अलार्म, आपोआप बंद होऊन कडी लागणारी दारं, किंवा पाण्यातला अलार्म. एकही नसेल तर तो किरकोळ स्वरूपाचा का होईना, पण फौजदारी गुन्हा ठरतो. ४५ दिवसांत त्रुटी दूर केली आणि बुडण्यापासून बचावाचा वर्ग पूर्ण केला तर शिक्षा टळते.

कॅलिफोर्निया जास्त कडक आहे. १ जानेवारी २०१८ पासून, नव्या पूलसाठी किंवा जुन्याच्या दुरुस्तीसाठी परमिट काढलं की कायद्यात दिलेल्या सात सुरक्षा-उपायांपैकी किमान दोन लागतात. खोलीची मर्यादाही १८ इंच, म्हणजे फ्लोरिडापेक्षा कमी. घर विकताना होम इन्स्पेक्टरने सातपैकी कुठले उपाय आहेत हे अहवालात लिहायचं असतं, त्यामुळे जुन्या घरातही हा विषय निघतोच. न्यूयॉर्कमध्ये १४ डिसेंबर २००६ नंतर बांधलेल्या किंवा मोठी दुरुस्ती केलेल्या पूलला पाण्यातला अलार्म सक्तीचा आहे, आणि तो पूलपाशी वाजून पुरत नाही, घराच्या आवारात आणखी एका ठिकाणीही ऐकू यायला हवा. टेक्ससमध्ये स्वतंत्र घरांचे नियम शहरागणिक बदलतात.

तेव्हा आपल्या शहराच्या किंवा काउंटीच्या बिल्डिंग डिपार्टमेंटच्या वेबसाइटवर जा, ‘रेसिडेन्शिअल पूल बॅरिअर’ असं शोधा. बहुतेक ठिकाणी एक-दोन पानी पत्रक मिळतं. सापडलं नाही तर फोन करा. काउंटरवरची माणसं या प्रश्नाला सरावलेली असतात आणि ‘आमचे इन्स्पेक्टर काय बघतात’ हे मोकळेपणाने सांगतात. शेजाऱ्याने काय लावलंय ते बघून खरेदी करू नका. त्याचा पूल १९९५चा असेल तर त्याला लागणारे नियम तुम्हाला लागणार नाहीत.

दुसरी पायरी: घरातून पूलकडे जाणाऱ्या वाटा मोजा

कागद-पेन्सिल घेऊन पूलच्या कडेला उभे राहा आणि घराकडे तोंड करा. जे जे उघडतं ते सगळं लिहून काढा. पॅटिओचं सरकतं काचेचं दार लक्षात येतंच. विसरतात ती इतर: मास्टर बेडरूममधून थेट पूलकडे उघडणारं दार, ‘पूल बाथ’चं, म्हणजे पूलकडे उघडणाऱ्या बाथरूमचं दार, गॅरेजचं बाजूचं दार, कुत्र्यासाठी केलेली झडप. ती झडप तर रांगणाऱ्या बाळाच्या मापाचीच असते. मोठ्या दाराला अलार्म असला तरी झडपेतून जाणाऱ्या मुलाचा त्याला पत्ता लागत नाही. लहान मूल घरात असेपर्यंत ती झडप पक्की बंद केलेली बरी.

फ्लोरिडातल्या घरांना मागे लनाई असते, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात पूल. बाहेरून कुणी येऊ शकत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात. पण त्या पिंजऱ्याची चौथी भिंत म्हणजे आपलं घर, आणि त्या भिंतीत दारं आहेत. घराची भिंत कुंपण म्हणून धरायची तर तिच्यात पूलकडे उघडणारं दार किंवा खिडकी नको, असं कायदाच म्हणतो. असेल तर त्या दारांसाठी उपाय करावा लागतो. डास, पानं आणि शेजारची पोरं जाळी अडवते. आपलं स्वतःचं मूल अडवत नाही.

खिडक्यांना काही सवलती आहेत. फ्लोरिडाच्या बिल्डिंग कोडप्रमाणे जाळी असलेल्या आणि खालची कड घरातल्या फरशीपासून ४८ इंच किंवा वर असलेल्या खिडकीला अलार्म लागत नाही. तळमजल्याच्या वरच्या मजल्यांवरच्या खिडक्यांनाही नाही. स्वयंपाकघरातून बाहेर ताटं द्यायची खिडकी असते, तिच्याखाली ओटा असेल आणि जाळी असेल तर ४२ इंचही चालतात. टेप लावून मोजा, अंदाजाने सोडू नका.

तिसरी पायरी: दाराचा अलार्म

खोक्यावर पहिल्यांदा शोधायचं ते ‘यूएल २०१७’. यूएल ही उत्पादनांची सुरक्षितता तपासणारी संस्था, आणि २०१७ हे वर्ष नाही, तिच्या प्रमाणाचा (स्टँडर्डचा) क्रमांक आहे. ‘२०१७ सालचं मॉडेल जुनं झालं असेल’ असं समजून लोक नेमका बरोबर अलार्म बाजूला ठेवतात. यूएलच्या खुणेजवळ ‘वॉटर हॅझर्ड एंट्रन्स अलार्म’ असे शब्द असतील तर उत्तमच. साध्या चोर-अलार्मवर ते नसतात.

मग आवाज. १० फुटांवर ८५ डेसिबल हा जवळपास सगळीकडचा आकडा आहे. स्वस्त अलार्मांवर ११० किंवा १२० डेसिबल छापलेलं असतं, पण किती अंतरावर मोजलं ते नसतं. उघड्या जागेत अंतर दहापट झालं की आवाज २० डेसिबलने उतरतो. म्हणजे एका फुटावर १०५ डेसिबल असलेला अलार्म १० फुटांवर ८५ भरतो. अंतर लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला काही किंमत नाही.

कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दार उघडल्यापासून ७ सेकंदांत अलार्म वाजायला लागावा आणि निदान ३० सेकंद वाजत राहावा. आवाज दाराची बेल, फोन आणि स्मोक अलार्म यांच्यापेक्षा वेगळा हवा. पुढच्या वेळेसाठी तो आपोआप तयार व्हायला हवा, कुणी बटण दाबून ‘चालू’ करायची गरज पडू नये. मोठ्या माणसाला जाता-येता यावं म्हणून बायपास बटण असतं, पण त्याची सूट जास्तीत जास्त १५ सेकंदांची, आणि ते बटण जमिनीपासून किमान ५४ इंचांवर, म्हणजे साडेचार फुटांवर. फ्लोरिडाचा कोड ७ सेकंदांची वाट न बघता दार उघडताच वाजायला हवा असं म्हणतो, त्यामुळे तिथे खरेदीआधी इन्स्पेक्टरला मॉडेल दाखवून घ्या.

‘आमच्याकडे सिक्युरिटी सिस्टिम आहेच की,’ हे वाक्य मी फार ऐकते. सिस्टिम असणं वाईट नाही. सगळ्या दारांचे सेन्सर एका मध्यवर्ती अलार्मला जोडलेले असतील तर फ्लोरिडात प्रत्येक दाराला वेगळा अलार्म लागत नाही. पण दार उघडल्यावर एकदा ‘टिंग टाँग’ होऊन गप्प बसणारा चाइम या मापात बसत नाही. फोनवर येणारं नोटिफिकेशन तर अजिबात नाही. फोन चार्जिंगला लावलेला असतो, नाहीतर मीटिंग चालू असते. आणि दिवसा घरात माणसं असताना सिस्टिम ‘डिसआर्म’ करायची सगळ्यांची सवय असते. मूल पाण्याकडे जातं ते नेमकं तेव्हाच.

बसवताना

अलार्मचे दोन तुकडे असतात. आवाज करणारा मोठा तुकडा चौकटीवर, चुंबकाचा छोटा तुकडा दारावर. दार बंद असताना दोघे समोरासमोर आणि पुस्तिकेत दिलेल्या अंतरात हवेत. ते अंतर पाव-अर्ध्या इंचाच्या घरातलं असतं आणि इथेच बरेच जण फसतात, कारण चौकट आणि दार एका पातळीत नसतात. मधे पट्टी घालून चुंबक वर उचलावा लागतो. धातूच्या दारावर चुंबकाची ताकद कमी पडते, तिथेही तोच उपाय.

करायचं असं. फरशीपासून ५४ इंच मोजून चौकटीवर पेन्सिलने खूण करा. बटण त्या खुणेच्या वर यायला हवं, नुसतं डबं नव्हे. ५६ इंचांवर धरलंत तर मोजणीचा वाद राहत नाही. आधी कागदी चिकटपट्टीने दोन्ही तुकडे तात्पुरते लावा, दार दहा वेळा उघड-बंद करा, मगच भोकं पाडा. आणि स्क्रूच वापरा. अलार्मबरोबर येणारी चिकटपट्टी फ्लोरिडाच्या किंवा ॲरिझोनाच्या उन्हात तापलेल्या चौकटीवर एक उन्हाळाही काढत नाही.

सरकत्या दाराला बाहेरून जाळीचं दार असतं, तिथे जरा थांबा. हवा यावी म्हणून काचेचं दार दिवसभर उघडं आणि जाळी बंद, ही आपल्या घरांतली नेहमीची पद्धत. अलार्म फक्त काचेच्या दारावर असेल तर तो एकदा वाजतो, वैतागून कुणीतरी बंद करतो, आणि जाळी तर तीन वर्षांचं पोरही सरकवतं. म्हणून जाळीसाठी दुसरा सेन्सर जोडता येईल असाच अलार्म घ्या. हा भाग पुष्कळदा वेगळा विकत मिळतो. खोक्यात नसेल तर त्याच वेळी मागवा.

बसवून झाल्यावर घरातल्या नेहमीच्या गोंगाटात चाचणी घ्या. कुणालातरी पॅटिओचं दार उघडायला सांगा. तुम्ही लांबच्या बेडरूममध्ये दार लावून बसा, टीव्ही चालू. मग स्वयंपाकघरात, एक्झॉस्ट पंखा आणि चटणीचा मिक्सर चालू ठेवून. मग वरच्या मजल्यावर, शॉवर सोडून. एका ठिकाणीही ऐकू आलं नाही तर तो अलार्म तुमच्या घराला पुरत नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो. आत दुसरा भोंगा वाजवणारं मॉडेल बघा.

पाण्यातला अलार्म

इथे शोधायचं प्रमाण ‘एएसटीएम एफ२२०८’. एएसटीएम ही अशी प्रमाणं ठरवणारी संस्था. फ्लोरिडा, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क तिघेही हेच मागतात. मुलाच्या मनगटाला बांधायचा, ओला झाला की वाजणारा पट्टा दुकानात त्याच फळीवर ठेवलेला असतो. तो नियमात धरला जात नाही, तिन्ही राज्यांचे कायदे तसं स्पष्ट म्हणतात. कारण उघड आहे: पट्टा बांधायची आठवण ज्या दिवशी राहते, त्या दिवशी मुलाकडे लक्षही असतंच.

मुख्य प्रकार दोन. एक पाण्यावर तरंगतो आणि पृष्ठभागावरची लाट ओळखतो. दुसरा पूलच्या कडेला बसतो, त्याची नळी पाण्यात बुडलेली असते आणि तो पाण्याखाली बदलणारा दाब ओळखतो. कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनने २००० साली दोन्ही तपासून बघितले, त्यात पाण्याखालचा प्रकार जास्त भरवशाचा निघाला आणि विनाकारण वाजण्याचं प्रमाणही कमी. तो सोलर कव्हर, म्हणजे पाणी उबदार ठेवणारं आवरण, घातलेलं असतानाही वापरता येतो, तरंगणारा प्रकार तसा वापरता येत नाही. वाऱ्याच्या जागी तरंगता अलार्म घेतलात तर दुपारभर वाजत राहील आणि आठवड्याभरात गॅरेजच्या कपाटात जाईल. मी तरी पाण्याखालचाच घेईन.

त्या तपासणीत साधारण १८ पौंड वजन पाण्यात गेल्याचं अलार्मला कळतंय का ते बघितलं होतं. म्हणजे इंडियन स्टोअरमधल्या २० पौंडी तांदळाच्या पिशवीपेक्षा थोडं कमी. साधारण वर्षभराच्या बाळाचं वजन एवढंच असतं. चेंडू पडल्यावर वाजत नाही म्हणून अलार्म बिघडलाय असं समजू नका.

पूलचं माप खरेदीआधी घ्या. प्रत्येक अलार्म ठरावीक लांबी-रुंदीपर्यंतच काम करतो, ते खोक्यावर लिहिलेलं असतं. पूल एल आकाराचा किंवा मूत्रपिंडासारखा वळलेला असेल तर वळणापलीकडची लाट पोचायला वेळ लागतो, तिथे दोन लागू शकतात. जमिनीतल्या पूलचा अलार्म जमिनीवरच्या गोल पूलला चालेलच असं नाही. जागा निवडताना पाणी फेकणाऱ्या नळाच्या तोंडापासून आणि स्किमरपासून, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडापासून, लांब. फिरणारा रोबोट क्लीनर चालू असताना तो वाजणारच, म्हणून क्लीनरची वेळ अशी ठेवा की तेव्हा कुणीतरी मोठं माणूस बाहेर असेल.

पोहताना तो पाण्यातून काढावा लागतो किंवा झोपवावा लागतो. पोहून झाल्यावर तो परत जागेवर ठेवायचं काम एका ठरावीक माणसाकडे द्या. पाणी शांत झाल्यावर आपोआप जागं होणारं मॉडेल मिळत असेल तर वीस-तीस डॉलर जास्त गेले तरी तेच घ्या. ओले केस, भुकेली पोरं, टॉवेलांचा ढीग, या गडबडीत अलार्म काठावरच राहतो. पोहून नुकतंच घरात आलेलं मूल खेळणं आणायला परत पाण्याकडे पळतं, ते याच वेळी.

आजी-आजोबा येतात तेव्हा

आपल्या घरांत अलार्म बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा बॅटरी संपणं हे नसतं. पुण्याहून किंवा नागपूरहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात. बाबांना सकाळी दार उघडून बाहेर खुर्ची टाकायची असते. आईंना तुळशीला पाणी घालायचं असतं, कपडे उन्हात टाकायचे असतात, आत-बाहेर दहा फेऱ्या. प्रत्येक फेरीला ते भयंकर केकाटतं. चौथ्या दिवशी बाबा स्टुलावर चढून बॅटरी काढून ठेवतात, आणि बॅटरी नीट ड्रॉवरमध्ये ठेवली आहे असंही सांगतात. नातवंडांकडे दिवसभर बघणारीही तीच दोघं.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, आपण त्यांना अलार्म नीट दाखवलेलाच नसतो. पहिल्याच दिवशी, जेटलॅग उतरल्यावर, दोघांकडून बायपासचं बटण स्वतःच्या हाताने पाच-सहा वेळा दाबून घ्या. आईंचा हात ५६ इंचांवर सहज पोचतो का बघा, खांदा दुखत असेल तर पोचत नाही. १५ सेकंदांत चपला घालून बाहेर पडता येतं का तेही बघा. चपला दाराबाहेरच ठेवल्या की येतं. बटणाशेजारी मराठीत चिठ्ठी चिकटवा: ‘आधी हे दाबा, मग दार उघडा, मागे लगेच लावून घ्या.’ सगळ्यात चांगलं म्हणजे तुळस आणि कपड्यांची दोरी पूलच्या बाजूला न ठेवता दुसरीकडे हलवा. तिकडे जायला अलार्मचं दारच लागणार नाही.

गणपतीला किंवा वाढदिवसाला चाळीस माणसं घरात आली की १५ सेकंदांच्या सवलतीने भागत नाही, हेही खरं. अशा दिवशी पूलकडचं एकच दार जाण्यायेण्याला ठेवा, बाकीची किल्ली लावून बंद करा, आणि त्या दारापाशी किंवा पूलपाशी एका मोठ्या माणसाला पाळीने बसवा. अर्ध्या तासाची पाळी, हातात फोन नाही, पेयही नाही. ‘सगळ्यांचंच लक्ष आहे’ याचा अर्थ कुणाचंच नाही असा होतो.

डिस्ने वर्ल्डसाठी ऑर्लँडो-किसिमीला पूलवालं घर भाड्याने घेता तेव्हाही हाच मामला. दार उघडताच अलार्म किंचाळतो, सुटीचा मूड जातो आणि पहिल्याच रात्री तो कुणीतरी बंद करतो. नवं घर, दमलेली मोठी माणसं, पहाटे आपली आपण उठणारी पोरं. तिथे तो चालू ठेवा. आधीच्या पाहुण्यांनी बॅटरी काढलेली असते, म्हणून ९ व्होल्टची एक बॅटरी सामानात असू द्या. लागेलच असं नाही, पण रात्री अकराला दुकान शोधण्यापेक्षा बरं.

तपासणीचा दिवस आणि नंतर

इन्स्पेक्टर येण्याआधी प्रत्येक अलार्मचं खोकं किंवा पुस्तिका, ज्यावर यूएल २०१७ किंवा एएसटीएम एफ२२०८ छापलंय, टेबलावर काढून ठेवा. खोकी फेकून देऊ नका, घर विकताना परत उपयोगी पडतात. पूलकडची सगळी दारं त्या दिवशी अडथळ्याविना उघडता आली पाहिजेत. सोफा सरकवलेला, पडदा सेन्सरवर आलेला, अशा किरकोळ गोष्टींवरून तपासणी पुढे ढकलली जाते आणि काही ठिकाणी दुसऱ्या फेरीची फी लागते. नंतर एक प्रत विमा कंपनीलाही पाठवा, पूलभोवती काय आहे हे त्या विचारतातच.

हॉट टब असेल तर बहुतेक ठिकाणी कुलूप लागणाऱ्या, ‘एएसटीएम एफ१३४६’ प्रमाणाच्या कव्हरवर काम भागतं. मात्र ते कुलूप खरंच लावावं लागतं.

बॅटऱ्या वर्षातून दोनदा बदला, घड्याळं पुढे-मागे करतो त्या रविवारी, स्मोक अलार्मच्या बॅटऱ्यांबरोबरच. ॲरिझोनात बहुतेक ठिकाणी घड्याळं बदलतच नाहीत. तिथल्यांनी पाडवा आणि दसरा धरावा.